ॲप्लास्टिक ॲनिमिया: उपचारांविषयी डॉक्टरांशी बोलताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या धाकट्या भावाला ॲप्लास्टिक ॲनिमिया असल्याचे निदान झाले, तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता आणि तासगाव तालुक्यातील आमच्या द्राक्षबागेत खरड छाटणीची कामे सुरू होती. पुढची तीन वर्षे मिरज, सांगली आणि पुणे अशा फेऱ्यांत त्याच्यासोबत बहुतेक वेळा मीच होते. मी डॉक्टर नाही. या काळात आमच्याकडून झालेल्या चुका बहुतांशी औषधांच्या नव्हत्या, बोलण्याच्या होत्या. जे सांगायला हवे होते ते आम्ही सांगितले नाही आणि जे विचारायला हवे होते ते उशिरा विचारले. सांगली आणि साताऱ्याकडच्या ज्या घरांतून माझ्याकडे विचारणा होते, त्यांचे प्रश्न आणि मला देता येतील ती उत्तरे येथे एकत्र केली आहेत. कोणते औषध घ्यावे हे तुमचे डॉक्टरच ठरवतील. त्यांच्यासमोर बसताना तुमच्या हातात काय असावे आणि तोंडी कोणते प्रश्न असावेत, एवढ्यासाठीच हे लेखन आहे.

हा आजार नेमका काय आहे? हा रक्ताचा कर्करोग आहे का?

कर्करोग नाही. हाडांच्या पोकळीत जो मगज असतो, ज्याला डॉक्टर बोन मॅरो किंवा नुसते मॅरो म्हणतात, ती रक्तपेशींची रोपवाटिका असते. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट तिथेच तयार होतात. या आजारात ती रोपवाटिका रिकामी पडते आणि पेशींच्या जागी चरबी दिसू लागते. बहुतेक रुग्णांमध्ये शरीराच्या स्वतःच्याच संरक्षक पेशी, ज्यांपासून रक्तपेशी तयार होतात त्या मॅरोतील मूळ पेशींवर उलटलेल्या असतात. जर्मन वैद्य पॉल एर्लिख यांनी १८८८ मध्ये एका तरुण गरोदर स्त्रीच्या आजाराचे वर्णन करताना ही अवस्था प्रथम नोंदवली. युरोपात दर दहा लाख लोकांमागे वर्षाला साधारण दोघांना हा आजार होतो आणि आशियात हे प्रमाण त्याच्या दुप्पट-तिप्पट आढळते. एवढ्या कमी लोकांना होणारा आजार तालुक्याच्या डॉक्टरांनी आयुष्यात एकदाच पाहिलेला असतो, किंवा एकदाही नाही. त्यांच्यावर रागावण्याचे कारण नाही, मात्र रक्तविकारतज्ज्ञाकडे, म्हणजे हिमॅटॉलॉजिस्टकडे, पोहोचण्यात वेळ घालवू नये.

आमच्याकडे सहा आठवडे गेले. भावाला धाप लागत होती, चेहरा पांढराफटक पडला होता. एका ठिकाणी रक्त वाढीच्या बाटल्या आणि लोहाची इंजेक्शने दिली गेली. दुसऱ्या ठिकाणी प्लेटलेट कमी दिसताच डेंग्यू असावा असे सांगण्यात आले. एके संध्याकाळी तो पाय धुऊन ओसरीवर बसला असताना नडग्यांवर मोहरीच्या दाण्याएवढे लाल ठिपके वहिनीच्या नजरेस पडले. ते दाबले तरी फिके होत नव्हते. त्वचेखाली झालेला तो रक्तस्राव होता. एकच पेशी कमी असणे आणि तिन्ही पेशी एकाच वेळी कमी असणे यांत मोठा फरक आहे, हे आम्हाला त्यानंतर समजले. तिन्ही पेशी कमी असतील आणि दोन आठवड्यांत त्या वर येत नसतील, तर “साहेब, मॅरोची तपासणी करायला हवी का?” हा प्रश्न आपण स्वतःहून विचारावा. बी-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळेही तिन्ही पेशी खाली जातात आणि ते सहज बरे होणारे दुखणे आहे. ती शक्यता आधी तपासली गेली आहे ना, हेही विचारावे.

पहिल्या भेटीला जाताना सोबत काय न्यावे?

सर्व रिपोर्ट तारखेच्या क्रमाने लावलेली एक फाईल आणि एक वही. मोबाइलमधले फोटो पुरेसे होत नाहीत, कारण डॉक्टरांना एका दृष्टिक्षेपात चढउतार दिसावा लागतो. आमच्या वहीत प्रत्येक पानावर सात रकाने आखलेले असत: तारीख, हिमोग्लोबिन, एकूण पांढऱ्या पेशी, त्यांतील जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशींची टक्केवारी, प्लेटलेट, त्या दिवशी चढवलेली पिशवी आणि शेरा. शेऱ्यात “दात घासताना रक्त आले”, “रात्री १०१ ताप” असे एका ओळीत लिहिलेले असे. पुण्यातील डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सगळी फाईल बाजूला ठेवून ती वही हातात घेतली होती.

न्यूट्रोफिलची खरी संख्या काढायला शिकून घ्यावे. एकूण पांढऱ्या पेशी १,८०० आणि न्यूट्रोफिल २० टक्के असतील, तर खरी संख्या ३६० होते. रिपोर्टवर हा आकडा अनेकदा छापलेला नसतो आणि या आजारात सर्वांत महत्त्वाचा आकडा तोच असतो.

डॉक्टरांना कोणत्या गोष्टी सांगायच्या राहून जातात?

ज्या सांगायला संकोच वाटतो, त्याच. गेल्या सहा महिन्यांत कावीळ झाली होती का, हे सांगावे, कारण काही रुग्णांमध्ये काविळीनंतर दोन-तीन महिन्यांनी मॅरो बंद पडतो. सांधेदुखीसाठी, फिटसाठी किंवा थायरॉइडसाठी घेतलेली प्रत्येक गोळी, दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या आणि वैद्यांच्या पुड्यासुद्धा सांगाव्यात. शक्य असल्यास रिकामी पाकिटे पिशवीत घालून न्यावीत.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट आवर्जून सांगावी लागते. मामाच्या किंवा आत्याच्या घरी सोयरीक होण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. आईवडील एकमेकांच्या नात्यातले असतील, रुग्ण मूल किंवा तरुण असेल, उंची कमी असेल, अंगठ्याच्या ठेवणीत जन्मजात दोष असेल किंवा अंगावर कॉफीच्या रंगाचे डाग असतील, तर हा आजार फॅन्कोनी ॲनिमिया या आनुवंशिक प्रकारातला असू शकतो. त्यासाठी गुणसूत्रे तुटण्याची वेगळी रक्ततपासणी असते. त्या प्रकारात प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे लागू पडत नाहीत आणि मॅरो प्रत्यारोपणाच्या वेळी नेहमीच्या मात्रेतील औषधे धोक्याची ठरतात. म्हणून हे आधी कळणे जिवाच्या मोलाचे असते. घरातल्या मुलींच्या लग्नात अडचण येईल या भीतीने ही माहिती झाकून ठेवलेली मी पाहिली आहे. ज्या भावंडाचा मॅरो घ्यायचा, त्यालाच तो आजार नकळत असू शकतो, एवढे एक लक्षात घेतले तर झाकून ठेवण्याचा विचार कोणी करणार नाही.

द्राक्षबागेतील फवारणीमुळे हा आजार झाला का?

हा प्रश्न आमच्या घरात कित्येक रात्री चर्चेत होता. बेन्झिन या रसायनाचा आणि या आजाराचा संबंध निश्चित आहे. थायलंडमधील एका मोठ्या अभ्यासात शेतीतील काही कीटकनाशकांशीही संबंध दिसून आला. तरीही एखाद्या विशिष्ट रुग्णाला तो फवारणीमुळेच झाला, असे डॉक्टर बहुतेक वेळा सांगू शकत नाहीत, कारण निम्म्याहून अधिक रुग्णांत बाहेरचे कोणतेही कारण सापडत नाही. आपण काय, किती दिवस आणि तोंडाला काही न बांधता फवारले का, हे औषधांच्या नावांसह सांगावे आणि पुढे फवारणीचे काम दुसऱ्याकडे द्यावे. कारण शोधत बसून उपचार लांबवू नयेत. उपचारांची दिशा कारणापेक्षा आजाराच्या तीव्रतेवर अधिक अवलंबून असते.

मॅरोच्या तपासणीत पाठीच्या कण्यातले पाणी काढतात का? त्याने माणूस लुळा पडतो का?

नाही. ही तपासणी कमरेच्या मागील बाजूच्या हाडातून, जागा बधिर करून केली जाते आणि तेथून मज्जारज्जू बराच दूर असतो. सुई आत जाऊन मॅरो ओढला जातो त्या क्षणी एक चमक येते, ती मात्र येतेच. त्यानंतर हाडाचा दोन सेंटिमीटरच्या आसपास लांबीचा बारीक तुकडाही काढतात. हा तुकडा महत्त्वाचा असतो, कारण मॅरो किती टक्के रिकामा आहे हे त्यावरूनच कळते. याच सुमारास “पीएनएचची तपासणी पाठवली आहे का?” असे विचारावे. तांबड्या पेशी अवेळी फुटण्याच्या पीएनएच नावाच्या दुसऱ्या दुर्मीळ रक्तविकाराच्या पेशी या आजाराच्या सुमारे निम्म्या रुग्णांमध्ये कमी-अधिक प्रमाणात सापडतात आणि पुढे त्यांच्यावर लक्ष ठेवावे लागते.

निदान झाल्यावर सर्वांत आधी कोणता प्रश्न विचारावा?

“हा आजार किती तीव्र आहे आणि आपल्या हातात किती वेळ आहे?” बाकीचे सारे प्रश्न त्यानंतरचे.

तीव्रता ठरवण्याची रीत १९७६ पासून जगभर साधारण एकच आहे. मॅरो पंचवीस टक्क्यांपेक्षा कमी भरलेला असेल आणि न्यूट्रोफिल ५०० पेक्षा कमी, प्लेटलेट २०,००० पेक्षा कमी, तसेच नव्या तांबड्या पेशींचे प्रमाण खालावलेले, या तिन्हींपैकी दोन गोष्टी असतील, तर आजार तीव्र समजतात. न्यूट्रोफिल २०० च्याही खाली असतील तर अतितीव्र. सौम्य आजारात काही काळ नुसते लक्ष ठेवले तरी चालते. तीव्र आजारात मात्र जंतुसंसर्गाचा धोका रोज असतो आणि उपचार महिन्यांच्या नव्हे, आठवड्यांच्या आत सुरू व्हावे लागतात. “पुढच्या सुगीनंतर बघू” असे आमच्या चुलत्यांनी सुचवले होते. माझा भाऊही त्याला तयार होता, कारण त्या दिवशी रक्त चढवल्यामुळे त्याला बरे वाटत होते. डॉक्टरांनी आठवड्यांचा हिशेब तोंडावर सांगितला तेव्हाच आम्ही भानावर आलो.

रक्त चढवल्यावर बरे वाटते. मग तेच चालू ठेवले तर काय बिघडते?

जत, आटपाडी किंवा माण-खटावकडच्या लोकांना हे लगेच समजेल. रक्ताची पिशवी म्हणजे टँकर आहे. टँकरने आजची तहान भागते, पण विहिरीचा झरा त्याने सुरू होत नाही. तांबड्या पेशींच्या एका पिशवीने हिमोग्लोबिन साधारण एकाने वाढते. चढवलेल्या प्लेटलेट तर चार-पाच दिवसांत संपतात. शिवाय प्रत्येक तांबड्या पिशवीसोबत २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात येते आणि ते बाहेर टाकण्याची सोय शरीराकडे नसते. पंधरा-वीस पिशव्यांनंतर हे लोह यकृतात आणि हृदयात साठू लागते. त्यामुळे फेरिटिनची, म्हणजे शरीरातील लोहाच्या साठ्याची, तपासणी कधी करायची, हे डॉक्टरांना विचारून वहीत लिहून ठेवावे. लोहाचे टॉनिक तर या आजारात बिलकुल नको. ज्या पेशंटला लोहाची कमतरता नाही, त्याच्या घरात पालक, बीट आणि खजुराचा मारा चालू असतो. तो प्रेमापोटी असतो, त्याने नुकसान होत नाही, पण मॅरोही सुरू होत नाही.

भावाचे किंवा आईचे रक्त चालत असताना बाहेरचे कशाला घ्यायचे?

या एका उत्तरासाठी तरी हे पान वाचून कोणाचा वेळ सार्थकी लागावा, असे मला मनापासून वाटते. ज्या रुग्णाचे पुढे मॅरो प्रत्यारोपण होण्याची शक्यता आहे, त्याला जवळच्या नातेवाइकांचे रक्त किंवा प्लेटलेट देऊ नयेत. रुग्णाचे शरीर त्या नातेवाइकाच्या पेशींना ओळखून ठेवते आणि नंतर त्याच घरातील मॅरो बसवला तर तो झिडकारण्याची शक्यता वाढते.

आमच्याकडे नेमके हेच झाले होते. एका दवाखान्यात रात्री दहा वाजता “पिशवी बदलून द्यावी लागेल, दाता आणा” असे सांगण्यात आले आणि रक्तगट जुळतो म्हणून थोरल्या भावाने लगेच बाही वर केली. तेच रक्त धाकट्याला चढले. कोणाचा हेतू वाईट नव्हता, फक्त हे कोणाला ठाऊक नव्हते. दाता म्हणून मित्र, गावातील तालमीची मुले, गणेश मंडळाचे कार्यकर्ते यांना न्यावे, घरच्यांनी दुसऱ्या कोणा रुग्णासाठी द्यावे. पांढऱ्या पेशी गाळलेले आणि किरणांची प्रक्रिया केलेले रक्त, ज्याला रक्तपेढीत इरॅडिएटेड म्हणतात, मिळू शकेल का, हेही विचारावे. ही सोय सर्व रक्तपेढ्यांत नसते, त्यामुळे ती जवळ कोठे आहे याची चौकशी गरज पडण्याआधी करावी. प्लेटलेट पाचच दिवस टिकतात, म्हणून सणाच्या सुट्ट्यांपूर्वी दाते ठरवून ठेवणे शहाणपणाचे.

प्रत्यारोपण करावे की औषधे घ्यावीत?

वय, तीव्रता आणि सख्ख्या भावंडाशी मॅरो जुळणे या तीन गोष्टींवर हे ठरते. रुग्ण साधारण चाळिशीच्या आतील असेल, आजार तीव्र असेल आणि सख्खे भावंड पूर्ण जुळत असेल, तर बहुतेक तज्ज्ञ प्रत्यारोपणच आधी सुचवतात, कारण त्यात मॅरो मुळातून नवा होतो. प्रत्येक सख्ख्या भावंडाशी जुळण्याची शक्यता पंचवीस टक्के असते. रक्तगट जुळणे ही वेगळी गोष्ट असून त्यावरून काही ठरत नाही. तपासणीला एचएलए म्हणतात आणि ती रक्तावर किंवा गालाच्या आतील भागातून घेतलेल्या नमुन्यावर होते. आम्ही दोन भावंडे तपासली गेलो. रिपोर्टची वाट पाहण्याच्या दहा दिवसांत देवाला किती नवस बोलले गेले, ते सांगत नाही. दोघांचाही जुळला नाही.

लग्न झालेल्या बहिणीने मॅरो द्यायचा म्हटले की सासरी प्रश्न उभे राहतात. “तिला पुढे काही होणार नाही ना? मूल होण्यात अडचण येणार नाही ना?” डॉक्टरांसमोर सासरच्या माणसांनाही बसवावे आणि हे प्रश्न त्यांनाच विचारू द्यावेत. भूल देऊन कमरेच्या हाडातून मॅरो काढतात, काही दिवस कंबर दुखते, आणि काढलेला मॅरो काही आठवड्यांत पुन्हा भरून येतो. मूल होण्यावर त्याचा परिणाम होत नाही. मी सांगून जे पटले नसते, ते डॉक्टरांच्या पाच मिनिटांत माझ्या सासऱ्यांना पटले.

भावंड जुळत नसेल तर नोंदणीतील परका दाता किंवा घरातील अर्धा जुळणारा दाता हे मार्गही आता उपलब्ध आहेत, मात्र त्यांतील धोके अधिक असतात. प्रत्यारोपणाबाबत विचारायचे ते असे: नवा मॅरो न रुजण्याची शक्यता किती आहे, नवा मॅरो शरीरावर उलटण्याचा म्हणजे जीव्हीएचडीचा धोका किती आहे, या आजाराची अशी प्रत्यारोपणे तुमच्याकडे वर्षाला किती होतात आणि रुग्णालयाजवळ किती महिने राहावे लागेल. शेवटचा प्रश्न खर्चाच्या दृष्टीने मोठा आहे. पुण्यात तीन-चार महिने खोली घेऊन राहणे हा उपचाराचाच भाग समजून त्याची तजवीज करावी लागते.

एटीजी म्हणजे काय आणि त्याचा गुण किती दिवसांत येतो?

मॅरोवर उलटलेल्या संरक्षक पेशींना आवर घालणारे हे औषध आहे. ते घोड्याच्या किंवा सशाच्या रक्तद्रव्यापासून तयार करतात. पहिल्या उपचारासाठी घोड्यापासूनचे एटीजी सरस ठरते, हे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक अभ्यासात स्पष्ट झाले. सहा महिन्यांनी गुण आलेल्यांचे प्रमाण घोड्याच्या एटीजीत ६८ टक्के आणि सशाच्या एटीजीत ३७ टक्के होते. तुमच्या रुग्णाला कोणते दिले जाणार आहे आणि का, हे अवश्य विचारावे. घोड्याचे एटीजी सहसा चार दिवस सलाइनमधून संथपणे देतात. सोबत त्याच पेशींना आवर घालणाऱ्या सायक्लोस्पोरिनच्या गोळ्या असतात आणि अलीकडे मॅरोला चालना देणारे एल्ट्रॉम्बोपॅग हे तिसरे औषधही जोडतात. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातील चाचणीत हे तिसरे औषध जोडल्याने सहा महिन्यांनी गुण आलेल्यांचे प्रमाण ४१ वरून ६८ टक्क्यांवर गेले.

पहिल्या दिवशी भावाला एवढी थंडी वाजली की लोखंडी खाट हलत होती. परिचारिकेने ठिबकण्याचा वेग कमी केला, इंजेक्शन दिले आणि तासाभरात तो शांत झाला. हे होणार आहे असे आधी सांगितलेले असल्याने आम्ही घाबरलो नाही. दुसऱ्या आठवड्यात सांधे धरणे, अंगावर पुरळ येणे आणि ताप येणे असा त्रास होऊ शकतो, त्याचीही पूर्वकल्पना घेऊन ठेवावी.

गुण येण्यास तीन ते सहा महिने लागतात. पहिले दोन महिने पिशव्या तितक्याच लागतात आणि घरात कुजबुज सुरू होते की एवढे पैसे घालून उपयोग झाला नाही, दुसरीकडे नेऊया. याच काळात उपचार सोडणारी घरे मी पाहिली आहेत. म्हणून पहिल्या दिवशीच विचारून ठेवावे, “गुण आला किंवा नाही हे आपण कोणत्या तारखेला, कोणत्या आकड्यांवरून ठरवणार आहोत? आणि नाही आला तर पुढची पायरी काय?” आमच्या वहीच्या मागील पानावर डॉक्टरांनी स्वतःच्या हाताने ती तारीख लिहून दिली होती. त्या पानाने आमचे घर सावरले.

सायक्लोस्पोरिन चालू असताना काय सांभाळावे?

या औषधाने मूत्रपिंड आणि रक्तदाब बिघडू शकतो, हिरड्या सुजतात, अंगावर लव वाढते आणि हात थरथरतात. रक्तातील पातळी मोजण्यासाठी सकाळची गोळी घेण्यापूर्वी नमुना द्यावा लागतो. सातारा-सांगलीहून पहाटेची गाडी धरताना सवयीने गोळी घेतली, तर ती खेप वाया जाते. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामकांनी मूत्रपिंडावरचा ताण वाढतो. काही प्रतिजैविके, बुरशीवरील औषधे आणि क्षयरोगावरील रिफाम्पिसिन यांनी या औषधाची पातळी वरखाली होते, म्हणून गावातील डॉक्टरांना प्रत्येक वेळी “मी सायक्लोस्पोरिनवर आहे” असे सांगावे. पपनस खाऊ नये, त्याने पातळी वाढू शकते. एल्ट्रॉम्बोपॅग दूध, दही, कॅल्शियम किंवा ॲसिडिटीच्या औषधांसोबत घेतल्यास शरीरात नीट शोषले जात नाही. गोळी दुधाच्या चार तास नंतर किंवा दोन तास आधी घ्यावी, अंतर डॉक्टरांकडून पक्के करून घ्यावे.

पेशी वर आल्या की गोळ्या थांबवण्याचा मोह होतो. तो घातक आहे. या गोळ्या महिनोन्‌महिने चालू ठेवून मग हळूहळू उतरवतात.

ताप आला तर सकाळपर्यंत थांबावे का?

थांबू नये. न्यूट्रोफिल कमी असताना १००.४ फॅरनहाइट ताप ही तातडीची बाब आहे आणि प्रतिजैविकाचे सलाइन पहिल्या तासाभरात सुरू व्हावे, अशी अपेक्षा असते. पॅरासिटामॉल देऊन ताप झाकू नये, ॲस्पिरिन देऊ नये, दंडात किंवा कमरेत सुई मारू देऊ नये. रात्री कोणत्या रुग्णालयात जायचे, हे आधी डॉक्टरांशी बोलून ठरवावे आणि त्यांच्याकडून चार ओळींची चिठ्ठी घेऊन ठेवावी: आजाराचे नाव, शेवटचे आकडे, चालू औषधे आणि ताप आल्यास काय द्यायचे. प्रतापगडाच्या पायथ्याशी किंवा शिराळ्याच्या डोंगरकपारीत राहणाऱ्यांनी वाहन कोणाचे, हेही ठरवून ठेवावे. आमची चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घालून दाराच्या खुंटीला अडकवलेली होती. ती दोनदा उपयोगी पडली. रात्रपाळीच्या तरुण डॉक्टरांना सगळी कहाणी सांगावी लागली नाही.

घरी आणि शेतात कोणती काळजी घ्यावी?

पेशी कमी असेपर्यंत गोठा झाडणे, शेणखत उपसणे, भुसा आणि कडबा हलवणे, जुन्या घराची पाडापाड यांपासून दूर राहावे, कारण त्या धुळीत बुरशीचे कण असतात. हळद उफणण्याच्या जागीही थांबू नये. मऊ ब्रश, शिजवलेले ताजे अन्न, उकळलेले पाणी आणि विजेवर चालणारे दाढीयंत्र एवढ्याने पुष्कळ साधते. रुग्णाला कोंडून ठेवण्याची गरज नसते.

पपईच्या पानांचा रस, गुळवेल किंवा भस्मे देता येतील का?

पपईच्या पानांचा रस मॅरो सुरू करत नाही. गुळवेलीमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी भारतातील डॉक्टरांनी केल्या आहेत आणि या आजारातील काही औषधांचाही यकृतावर भार असतो. भस्मांत जड धातू असू शकतात. देणारा माणूस आपलाच असतो आणि त्याला नाही म्हणणे कठीण जाते, हे मी जाणते. तरीही काही घेतले असेल तर डॉक्टरांपासून लपवू नये. एका भेटीत भावाचे यकृताचे आकडे अचानक वाढले होते आणि औषध बंद करण्याची वेळ आली होती. आत्याने दिलेल्या काढ्याची गोष्ट तेव्हा कुठे बाहेर आली.

डॉक्टरांना वेळ नसतो. एवढे सगळे विचारायचे केव्हा?

ओपीडीत बाहेर साठ माणसे बसलेली असतात, हे खरे आहे. म्हणून तीनच प्रश्न कागदावर लिहून न्यावेत आणि खुर्चीत बसताच म्हणावे, “साहेब, आज तीन गोष्टी विचारायच्या आहेत.” असे म्हटल्यावर चिडलेला डॉक्टर मला आढळला नाही. कळले नसताना मान डोलावणे ही आपल्याकडची मोठी अडचण आहे. डॉक्टरांचे बोलून झाल्यावर आपल्या शब्दांत परत सांगावे, “म्हणजे आता चार दिवस ॲडमिट, मग सोमवारी आणि गुरुवारी सीबीसी, म्हणजे सगळ्या रक्तपेशींची मोजणी, बरोबर?” चूक असेल तर तेथेच दुरुस्त होते. आत दोघांनी जावे, एकाने ऐकावे, दुसऱ्याने लिहावे. दहा नातेवाइकांनी दहा वेळा फोन करू नये.

दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावेसे वाटले तर ते उघडपणे सांगून घ्यावे. “आमच्या घरच्यांच्या समाधानासाठी आणखी एकदा दाखवायचे आहे, कागदपत्रे आणि मॅरोच्या स्लाइड मिळतील का?” असे आम्ही विचारले होते. डॉक्टरांनी नाव आणि पत्ता स्वतःच दिला.

रुग्णाला खरे सांगावे का?

“त्याला काही सांगू नका, रक्त कमी आहे एवढेच म्हणा,” असे आमच्या वडिलांनी डॉक्टरांना बाहेर गाठून विनवले होते. डॉक्टरांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “काका, गोळी त्याला गिळायची आहे. ताप आला तर रात्री दोन वाजता त्यालाच उठवायचे आहे तुम्हाला.” वडील बराच वेळ व्हरांड्यात उभे होते. नंतर भावाला सांगितले तेव्हा तो म्हणाला की त्याला ठिपके दिसले त्या दिवसापासून काहीतरी मोठे आहे असे वाटतच होते आणि एकट्याने ते वाहणे जड जात होते.

खर्चासाठी काय उपाय आहेत?

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतून राज्यातील कुटुंबांना वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार संलग्न रुग्णालयांत मिळू शकतात. कोणता उपचार यादीत बसतो, हे दाखल होण्यापूर्वी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून तपासून घ्यावे. आधी पैसे भरून नंतर योजना लावता येईल, असे गृहीत धरू नये. धर्मादाय रुग्णालयांत निर्धन आणि दुर्बल घटकांसाठी प्रत्येकी दहा टक्के खाटा राखीव असतात, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका सोबत असावी. मुख्यमंत्री सहायता निधीकडे अर्ज करताना डॉक्टरांच्या सहीचे खर्चाचे पत्रक लागते. लहान मुलांच्या प्रत्यारोपणासाठी कोल इंडियाच्या निधीतून चालणाऱ्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेत ॲप्लास्टिक ॲनिमियाचाही समावेश झाला आहे. याबाबत रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांशी बोलावे.

रेल्वे या आजाराच्या रुग्णाला उपचारासाठीच्या प्रवासात भाड्यात पन्नास टक्के सवलत देते. ठरावीक नमुन्यात डॉक्टरांचे प्रमाणपत्र लागते. मिरज ते पुणे वर्षभर ये-जा करणाऱ्या घराला हे कमी नसते आणि आम्हाला ते दुसऱ्या वर्षी एका सहप्रवाशाकडून कळले. अपंगत्वाच्या दाखल्याबद्दलही पुष्कळ जण विचारतात. २०१६ च्या कायद्यात रक्तविकारांपैकी हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल यांचाच उल्लेख आहे.

पेशी वर आल्यावर आजार संपला असे समजावे का?

औषधांनी गुण आलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश रुग्णांमध्ये पेशी पुन्हा खाली येऊ शकतात आणि बऱ्याचदा औषध पुन्हा वाढवल्यावर त्या सावरतात. काही वर्षांनी थोड्या रुग्णांमध्ये पीएनएच किंवा मॅरोचे अन्य विकार उद्भवतात. त्यामुळे सीबीसी किती महिन्यांनी आणि पीएनएचची तपासणी वर्षातून कितीदा, हे बरे वाटत असतानाच ठरवून घ्यावे. स्त्री रुग्णांनी गर्भधारणेचा विचार असल्यास आधी विचारावे, कारण त्या काळात आजार उलटण्याचा संभव असतो. प्रत्यारोपण ठरल्यास पुढे मूल होण्यासाठी शुक्राणू किंवा स्त्रीबीज जतन करण्याविषयी पुरुषांनी आणि स्त्रियांनी उपचार सुरू होण्यापूर्वी बोलावे, नंतर ती वेळ उरत नाही.

माझ्या भावाच्या प्लेटलेट गेल्या तपासणीत ९४,००० होत्या. सायक्लोस्पोरिनची मात्रा निम्म्यावर आली आहे. तो बागेत जातो, फवारणी करत नाही आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी गोळी न घेता रक्त द्यायला निघतो. चौथी वही आता सुरू आहे.